पोट कसं आहे?

"अहो, खाऊ नका ते!"

ती इतक्या जोरात ओरडली, की फोटोग्राफरच्या हातातून कॅमेरा निसटता निसटता राहिला. पण उशीर झाला होता. इमारतीची बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला आलेला तो उंचापुरा माणूस टेबलाशी उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात काटा, आणि एक गाल फुगलेला.

तसा त्याचा तरी काय दोष? सकाळपासून बिचारा लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळत होता. जेवायला फुरसत मिळाली नव्हती. काम झाल्याचं सांगायला स्टुडिओत डोकावला, तर सगळे पलीकडे दिव्यांशी झटापट करत होते, आणि इथे टेबलावर लख्ख उजेडात तो बाउल! तळाशी बार्लीचे टपोरे दाणे, त्यावर चिकनचे सोनेरी काप, त्यांच्यावर काळ्या भाजक्या रेघा. कडेने काकडी, लालबुंद टोमॅटो, चकचकीत ऑलिव्ह, फेटा चीजचे पांढरे तुकडे, आणि वर दह्याचा एक सुरेख गोळा. मासिकात त्याखाली 'घरच्या घरी ग्रीक पद्धतीचं ग्रिल्ड चिकन' असं छापून येणार होतं. उपाशी माणसाने दुसरं करायचं तरी काय?

"चिकन कच्चं आहे," ती धापा टाकत म्हणाली. "वरून नुसती बर्नरची आच दिलीय. रंग ब्रशने लावलाय. रेघा तापलेल्या सळईच्या आहेत. आणि ते दही –"

"दही?" भरल्या तोंडाने तो म्हणाला.

"गोंद आहे."

त्याचा जबडा जागच्या जागी थांबला. ती पाणी आणायला धावली. परत आली तेव्हा त्याचं तोंड रिकामं होतं आणि डोळे विस्फारलेले.

"गिळलंत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. केसांत खोचलेला ब्रश, ॲप्रनवर सांडलेला रंग, भेदरलेला चेहरा... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हळूच मान हलवली. हो.

पदार्थ फोटोत देखणे दिसतील असे सजवणं हे तिचं काम. इतकी वर्षं ती कच्च्या चिकनला रंग देत आली होती, पण ते कुणाच्या पोटात जाईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने त्याचा नंबर घेतला, आपला दिला, आणि बजावलं, "जरा जरी काही वाटलं, तर आधी मला फोन करायचा. मध्यरात्र असली तरी!"

"मध्यरात्री?" तो म्हणाला. "मॅडम, पोटाला वेळेचं सांगून ठेवतो मग."

विनोद करतोय म्हणजे शुद्धीवर आहे, एवढंच समाधान मानून ती घरी गेली.

घरी आत्या होती. ती आत्याकडेच राहायची. आत्याचा जन्म हॉस्पिटलात नर्सचं काम करण्यात गेलेला, त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याची नाडी आणि मग नाव, असा तिचा खाक्या. सगळी हकीकत ऐकून तिने सरळ भाचीच्या हातातला फोन घेतला आणि त्याला लावला.

"जुलाब?" आत्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अं... थोडं... म्हणजे तसं नाही," पलीकडून तो चाचरत म्हणाला.

"उलटी?"

"वाटतेय. म्हणजे वाटून जातेय."

आत्याने फोन खाली ठेवला. भाचीकडे पाहून गालातल्या गालात हसली. "रोज फोन करून चौकशी करत जा," एवढंच म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

मग काय, रोज फोन. पोट कसं आहे? – बरं आहे, पण मध्येच गुरगुरतं. आज काय खाल्लंत? – मऊ भात. एकटेच राहता? – हो, मी आणि माझा पान्यांचा डबा. दोनतीन फोन झाले आणि पोटाचा विषय फक्त सुरुवातीपुरता उरला. तो सांगायचा लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गोष्टी. एकदा एक भांडलेलं जोडपं अडकलं होतं; त्याने दार उघडलं तेव्हा दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. "मी दार परत लावणार होतो," तो म्हणाला, आणि ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती, कुणास ठाऊक.

"तुमचं काम चांगलं," तो एकदा म्हणाला. "लोक बघतात. माझ्या कामात बघण्यासारखं काही नाही. लिफ्ट वर गेली, खाली आली, की झालं."

"पण ते खरं असतं," ती पटकन म्हणून गेली.

तिच्या आवाजात काय होतं, ते त्याला कळलं असावं. तो हलकेच म्हणाला, "आज पोट जरा दुखतंय हं. उद्या पण विचारा."

आता तिच्या मनात काय सलत होतं, ते सांगितलंच पाहिजे. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा देखणा, बोलायला गोड. जोडा काय छान दिसतो, असं जो तो म्हणायचा. तिने काहीही केलं तरी तो म्हणायचा, 'छान!' तिचा ड्रेस छान, तिची कल्पना छान, तिने केलेला चहाही छान. आणि एके दिवशी, सगळी खरेदी झाल्यावर, तेवढ्याच गोड आवाजात म्हणाला, की खरं सांगायचं तर त्याला यातलं काहीच कधी आवडलं नव्हतं. लग्न मोडलं. ती रडली कमी आणि घाबरली जास्त. आपल्याला कळलंच कसं नाही? तेव्हापासून कुणी 'छान' म्हटलं की तिला आधी संशय यायचा. आणि आता हा लिफ्टवाला तिला आवडायला लागला होता... इतका, की संध्याकाळ झाली की तिचा हात आपोआप फोनकडे जायचा. हासुद्धा गोड बोलतो. याच्या आत काय आहे, ते कसं कळायचं?

शेवटी तिने एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं. "तो बाउल मी तुम्हाला देणं लागते," ती म्हणाली. "या वेळी खराखुरा."

"दही?"

"दह्याचंच दही."

सकाळपासून स्वयंपाकघरात नुसती धांदल. चिकनला लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, ऑरेगॅनो, ऑलिव्हचं तेल, मीठ, सगळं चोळून ठेवलं. बार्ली उकळायला टाकली. काकडी किसून दह्यात घातली. आणि मग टेबलाशी बसून ती ब्रशने एकेका ऑलिव्हला तेल लावू लागली.

"हे काय चाललंय?" दारातून आत्या म्हणाली. "बूट आहेत का ते, पॉलिश करायला?"

"सवय गं, आत्या."

"सवय बाजूला ठेव, छकुले. आज फोटो नाही काढायचाय. माणूस जेवायचाय."

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. इस्त्रीचा शर्ट खांद्यावर भिजलेला, केसांवर थेंब... दारात उभा राहून आधी मागे वळून लिफ्टकडेच पाहत होता. "दार लागताना कुरकुरतं तुमचं. तेल मागतंय," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं आणि लिफ्टचं विसरला. आत्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, जीभ दाखव म्हणाली नाही एवढंच, आणि "मला मालिका बघायचीय" असं सांगून दार ओढून आतल्या खोलीत गेली. मालिकेची ती वेळ नव्हती.

तिने रेघारेघांचा ग्रिल पॅन तापवला. चिकन चर्र करून बोललं. लिंबाचा, लसणाचा, भाजल्याचा वास घरभर पसरला. तो ओट्याला टेकून उभा होता, तिच्या हातांकडे पाहत. त्या पाहण्याने तिचे हात जरा जास्तच भराभर चालले. रेघा हव्या तशा उमटल्या, रंग चढला, आणि तिने चिकन पॅनमधून काढलं, कापलं, दोन बाउलांत झटपट मांडलं. बार्ली, काकडी, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह, फेटा, वर दही. बाउल असे दिसत होते की मासिकवाल्यांनी रांग लावावी.

"बसा ना."

त्याने काट्याने चिकनचा काप उचलला. उलटा करून पाहिला. क्षणभर थांबला... आणि तोंडाकडे नेला. तेवढ्यात खिडकीचा उजेड त्या कापावर पडला. मधोमध गुलाबी! चक्क कच्चं!

"अहो, खाऊ नका ते!"

आतल्या खोलीतला टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

रंग चढला की खाली उतरवायचं – हात इतकी वर्षं हेच शिकला होता, आणि आज ऐन वेळी त्याने तेच केलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली. पण लाजेपेक्षा तिला दुसरंच काहीतरी झोंबलं.

"तुम्हाला दिसलं होतं ना, कच्चं आहे ते?"

"दिसलं."

"मग तरी खात होतात?"

"म्हटलं, मागच्या वेळी तुमच्या हातचं थुंकून टाकलं, या वेळी तरी –"

तो थांबला. त्याचा चेहरा त्या चिकनसारखाच गुलाबी झाला.

"थुंकून?" ती सावकाश म्हणाली. "म्हणजे गिळलंच नव्हतं?"

"तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हाच रुमालात..." तो खाली बघत म्हणाला. "मग तुम्ही आलात. इतक्या काळजीने विचारलंत. आयुष्यात इतक्या काळजीने मला कुणी काही विचारलं नव्हतं हो. मान हललीच."

"आणि ती गुरगुर? ते दुखणं?"

"नाही. काहीच नाही. ठणठणीत होतो."

दार किलकिलं झालं. आत्याचं नाक दिसलं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "ज्याचं पोट खरंच बिघडलंय तो लाजत नाही, सविस्तर सांगतो." आणि दार बंद झालं.

पण तिला हसू आलं नाही. डोळे भरून आले. "मला खोटं चालत नाही," ती म्हणाली. "मन राखायला म्हणून कच्चं चिकन खाणारा माणूस नको मला. आज खाल, छान म्हणाल, आणि एक दिवस म्हणाल, कधीच आवडलं नव्हतं. एकदा झालंय माझ्याबाबतीत. पुन्हा नाही झेपायचं."

आता तो उठेल, दार लावून जाईल, असं तिला वाटलं. तो उठला. पण दाराकडे गेला नाही. दोन्ही बाउलमधलं चिकन वेचून त्याने पॅनमध्ये टाकलं, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. मग परत येऊन बाउलमधलं बाकीचं एकेक चाखू लागला, अगदी मशीनचा आवाज ऐकावा तसं मन लावून.

"खरं सांगू?"

तिने मान डोलावली.

"बार्लीचा गिचका झालाय. काकडी पिळली नाहीत, म्हणून दह्याला पाणी सुटलंय. फेटा आधीच खारट, त्यात तुम्ही वरून मीठ घातलंय. ऑलिव्ह... ऑलिव्ह काट्यावरून सटकतायत, इतके गुळगुळीत आहेत."

ती ऐकत होती. त्याच्या प्रत्येक वाक्यासरशी तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरत होतं. रागावून नाही, लागट नाही, जसं आहे तसं कुणी सांगतंय, हे किती सोपं होतं! मागच्या वर्षीपासून अडलेला श्वास आता कुठे पूर्ण सुटला.

"आणखी?" तिने विचारलं. आता तिला हसू दाबवत नव्हतं.

"कांदा फार जाड चिरलाय."

"आणखी?"

"टोमॅटो बरा आहे. त्याला तुम्ही काही केलं नाहीत म्हणून."

"आणखी?"

"आणखी..." त्याने काटा खाली ठेवला. "आणखी मला तुम्ही आवडता. फार. फोन वाजला नाही त्या दिवशी खरंच पोटात दुखतं."

पावसाची सर खिडकीवर आपटून गेली. पहिल्यांदाच कुणाच्या शब्दांमागे काय दडलंय, हे तिला शोधावंसं वाटलं नाही. बार्लीचा गिचका आणि हे, दोन्ही त्याने एकाच आवाजात सांगितलं होतं. तिने टेबलावरचा त्याचा हात धरला. हाताला पान्यांचे घट्टे होते.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही तू..."

तेवढ्यात जळका वास आला.

दोघं ओट्याकडे धावली. चिकनच्या रेघाबिघा कुठल्या कुठे गेल्या होत्या. कडा काळ्या, काप तुटलेले, खालून करपलेलं. ती ब्रशकडे हात नेणार होती, तो त्याने वाटेतच पकडला. मग दोघांनी पॅनमधूनच, फुंकर घालत, हातानेच खाल्लं. आतून पूर्ण शिजलं होतं. लिंबू थेट आतपर्यंत मुरलं असावं तसं लागत होतं. "हे चांगलं झालंय," तो म्हणाला, आणि तिने विनातक्रार विश्वास ठेवला.

"मला वाढणार आहात का कुणी?" आतून आत्याचा आवाज आला. "का मी मालिकाच खाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आधीच, तिने फोन लावला.

"पोट कसं आहे?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"एकदम ठीक आहे," तो म्हणाला. "पण तू उद्याही विचार."