मोकळेपणाचा आकडा

शाळेचं वर्षअखेरचं वार्तापत्र आलं तेव्हा शिरीष हुपरीकर एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होता. काउंटरवरचा फोन थरथरला. ‘सहावी ते आठवीच्या सर्व कुटुंबांना’ एवढे शब्द दिसताच त्याने गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं केलं आणि फोन उचलला.

शहरात त्याचं चष्म्याचं दुकान चांगलं चालत होतं, पण मुलगी रेवती हिच्या शाळेत त्याची ओळख वेगळीच होती. विज्ञान प्रदर्शनाची टेबलं लावायला शिरीष, सहलीच्या बसमध्ये डोकी मोजायला शिरीष, क्रीडादिनाला लिंबूसरबत ढवळायलाही शिरीष. वार्तापत्रात त्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘वर्षातले एक्केचाळीस दिवस शाळेसाठी देणारे आमचे पालक-मदतनीस’. त्याने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

मग तो बाकीचं वाचू लागला. निकाल तीस एप्रिलला. ग्रंथालयाची पुस्तकं शुक्रवारपर्यंत परत करावीत. हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत सतरा डबे, नऊ बाटल्या आणि डाव्या पायाचा एक बूट जमा आहे. सुट्टीत झाडांना पाणी घालायला आठ कुटुंबं हवी आहेत. स्नेहसंमेलनाचे पोशाख आवरून ठेवायला शनिवारी सकाळी दहा वाजता सभागृहात या. पुढच्या वर्षीच्या मदतकामांची यादी सोबत आहे.

सगळ्यांत शेवटी या वर्षी नव्यानेच आलेलं एक पान होतं: ‘फक्त तुमच्या कुटुंबासाठी – स्वर-अहवाल’.

जूनमध्ये शाळेने प्रत्येक वर्गाच्या छताला बशीएवढी एक जाळीदार चकती लावली होती. तिचं नाव स्वरमापी. मूल काय बोलतं हे ती साठवत नसे, कसं बोलतं एवढंच मोजत असे. शब्दांमधले थांबे, आवाजाची पट्टी, घशातला ताण, वाक्य पुरं होतं की मध्येच गिळलं जातं, या सगळ्यातून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघे. त्याला शाळेने ‘मोकळेपणा’ असं नाव दिलं होतं. कोणत्या मोठ्या माणसाजवळ मूल मोकळं होतं हे कळलं, की पुढच्या वर्षीची मदतकामं त्या हिशोबाने वाटायची, अशी योजना होती. पालकसभेत काही जण कुरकुरले तेव्हा शिरीषनेच उठून समजावलं होतं, “मी रोज लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढतो. नंबर कुणाला आवडत नाही, पण तो काढल्याशिवाय भिंग बनत नाही.”

आता त्याने पान उघडलं. रेवती हुपरीकर, सातवी ब. मोकळेपणाची सरासरी बावन्न. सर्वाधिक मोकळेपणा कुणाजवळ: श्रीमती कुंदा तोडकर, गुरुवारची शिवण-तासिका, अठ्ठ्याऐंशी.

खाली बारीक अक्षरांत ‘पूर्ण यादी पाहा’ असं होतं. त्याने ती पाहिली. अकरा नावं होती. अकरावं नाव श्री. शिरीष हुपरीकर, वडील. एकतीस.

“ही फ्रेम जरा मोठी वाटते,” गिऱ्हाईक आरशातून म्हणालं.

“हो,” शिरीष म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, यंत्र बिघडलंय. पण वर्षानुवर्षं हेच वाक्य त्याने गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं, नंबर वाढला की. मग त्याने वार्तापत्रातल्या मदतनिसांच्या यादीत कुंदा तोडकर शोधली. वर्षभरात अकरा गुरुवार, प्रत्येकी पाऊण तास. फोटो नाही. म्हणजे आपण एक्केचाळीस दिवस राबलो आणि ही बाई पाऊण तास येऊन आपली मुलगी घेऊन गेली. हे वाक्य मनात उमटल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं, पण ते पुसता मात्र येईना.

संध्याकाळी जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “गुरुवारी शिवणकामात काय शिकवतात गं?”

“काजं करायला,” रेवती म्हणाली.

“आणि?”

“हुक लावायला.”

“मजा येते?”

“येते की.”

आजवर हे बोलणं त्याला साधं वाटलं असतं. आता त्याला प्रत्येक उत्तरात एकतीस ऐकू येत होतं. शुभदा, त्याची बायको, आमटी वाढता वाढता म्हणाली, “तिला जेवू दे ना.” तेवढ्याने रेवतीने सुटकेचा श्वास सोडला. तोही त्याने ऐकला.

दुसऱ्या दिवशी तो आखूड करायला एक पँट घेऊन कुंदा तोडकरच्या शिवणाच्या दुकानी गेला. भाजी मंडईच्या मागे एक खोली, तीत दोन मशिनं आणि भिंतीला टांगलेले ब्लाउज. कुंदाबाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी पँट उलटी केली, टेप लावला आणि खूण केली. वर पाहिलंच नाही.

“मी रेवती हुपरीकरचा बाबा,” तो म्हणाला.

“ओळखते की. सहलीला तुम्ही शिट्टी वाजवत होता.”

“तिला तुमचा तास फार आवडतो म्हणे. काय शिकवता एवढं?”

“मी कुठलं शिकवतेय. पोरींच्या हातात सुई दिली की त्या आपोआप बोलत्यात. माझं लक्ष टाक्याकडं असतंय, त्यांचंबी. कोण कुणाच्या तोंडाकडं बघत नाही.”

“रेवती काय बोलते?”

कुंदाबाईंचा हात थांबला. “ते तुम्ही तिलाच विचारा, साहेब.”

त्या उद्धटपणे बोलल्या नव्हत्या. तरी शिरीषला ते झोंबलं. आपल्याच मुलीचं काहीतरी या बाईच्या ताब्यात आहे आणि आपण ते मागायला आलोय, पँटचं निमित्त करून. पँट शनिवारी मिळेल असं त्या म्हणाल्या. तो मान हलवून निघाला.

दुकानात परतल्यावर त्याने पुढच्या वर्षीचा मदतकामांचा अर्ज उघडला. सहलीसमोर खूण केली, प्रदर्शनासमोर केली. गुरुवारच्या शिवण-तासिकेसमोर कुंदाबाईंचं नाव आधीच होतं. यंत्रणेनेच सुचवलेलं. अर्जाच्या तळाशी ‘हरकत’ असा रकाना होता. एखादी व्यक्ती आपल्या मुलाच्या वर्गावर नको असेल तर कुटुंबाने नाव लिहावं, कारण देण्याची गरज नाही, नाव गुप्त राहील. पालकांच्या धास्तीपोटी हा रकाना ठेवला होता आणि त्यासाठीही शिरीषच भांडला होता.

त्याने ‘कुंदा तोडकर’ लिहिलं. मग शिवण-तासिकेसाठी स्वतःचं नाव दिलं. त्याला बटणही लावता येत नव्हतं. शिकता येईल, त्याने स्वतःला सांगितलं, सुट्टी दोन महिन्यांची आहे.

शुक्रवारी मुख्याध्यापिका चौगुले मॅडमचा फोन आला. “शिरीषराव, हरकतीचं नाव फक्त मला दिसतं. तुमचं दिसलं म्हणून विचारते. काही घडलंय का?”

“काही नाही. कारण द्यायची गरज नाही ना?”

“नियमाने नाही.” मॅडम म्हणाल्या. “उद्या पाचपर्यंत मागे घेता येईल. तोडकरबाईंना यंत्रणेकडून निरोप गेलाय. कुणाची हरकत ते त्यांना कळणार नाही.”

शनिवारी सभागृहात बावीस पालक आले. मावळ्यांचे अंगरखे, परीचे पंख, कोळणींची लुगडी, सगळ्याचा ढीग रंगमंचावर पडला होता. मुलं घड्या घालत होती, पालक खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. शिरीष सवयीने मधोमध उभा राहून कामं वाटत होता. कुंदाबाई कोपऱ्यात खाली बसून जरीचे सुटलेले काठ टाचत होत्या आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, रेवती बसली होती. ती बोलत होती. हात हलवत, मध्येच हसत, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं धरत. शब्द ऐकू येत नव्हते. पण स्वरमापीने काय मोजलं असेल हे त्याला पहिल्यांदा कळलं. ही मुलगी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत रेवती मैत्रिणींबरोबर नळाकडे गेली. कुंदाबाई पँटची पिशवी घेऊन त्याच्याकडे आल्या.

“साहेब, एक सांगायचंय. तुमची पोरगी म्हणालेली, सांगू नका. पण पुढच्या वर्षी मी नसणार. कुणाची तरी हरकत आलीया. मग कुणाला तरी ठाऊक असाय पाहिजे.”

“काय?”

“रेवतीला लांबचं दिसत नाही. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतनं उतरवती. टाका बघायला डोळ्याजवळ नेती, पण मान वर केली की दारातलं माणूस ओळखत नाही. दिवाळीपासनं.”

शिरीष हसलाच. “शक्य नाही. जानेवारीत मीच तपासलंय. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला तिने.”

“पाठ हाय तिला तो तक्ता. तुमच्या दुकानातच वाढली की पोर.”

दुकानातल्या टेबलाखाली बसून तक्त्यावरची अक्षरं गिरवणारी चार वर्षांची रेवती त्याला आठवली. शहरातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्याचे चष्मे होते.

“मला का नाही सांगितलं तिने?” त्याचा आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला. “मी रागावलो असतो का?”

“नाही, नाही. ती म्हणते, बाबा रागवत नाहीत. पण बाबांना एखादी गोष्ट सांगितली की ती बाबांचीच होऊन जाती. मग ते शाळेत सांगतात, सभेत सांगतात, सगळं हातात घेतात. हिचं काही उरत नाही.” कुंदाबाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली. “वाईट वाटून घेऊ नका. मी सांगितलं हे मात्र तिला कळू देऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवलाय तिनं.”

शिरीषला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर मुलीच्या डोळ्यांची काळजी नव्हे. हे त्याने पुढेही कुणाला सांगितलं नाही. त्याला आधी वाटलं, या बाईला दिवाळीपासून माहीत होतं. काळजी नंतर आली, आणि तिच्यामागून शरम.

तो थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला. पाच वाजायला बराच अवकाश होता. “हरकत मागे घेतो,” तो म्हणाला.

चौगुले मॅडमनी पडद्यावर नोंद काढली आणि त्याच्याकडे वळवली. “घ्या. पण तोडकरबाईंनी सकाळीच स्वतःचं नाव काढून घेतलंय. म्हणाल्या, एकालाही मी नको असेन तर मी येत नाही. मी खूप समजावलं.”

“मी त्यांच्याशी बोलतो.”

“काय सांगणार?” मॅडमनी विचारलं.

घरी जाताना रेवती स्कूटरवर मागे बसली होती. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “कुंदाकाकू पुढच्या वर्षी येणार नाहीत. कुणीतरी हरकत घेतली.”

“मी घेतली.”

मालगाडी संथपणे जात होती.

“का?”

“त्या कागदावर लिहिलं होतं, तू त्यांच्याजवळ सगळ्यात मोकळी असतेस म्हणून.”

“मग तुम्हाला बरं वाटायला पाहिजे होतं.”

“हो. पाहिजे होतं. नाही वाटलं.” तो पुढे मालगाडीकडे बघत राहिला. “मागे घेतली, पण उशीर झाला. त्यांना सांगेन मी, हरकत माझी होती म्हणून.”

तिने काही विचार केला असावा. मग तिचा आवाज एकदम सावध झाला. “आज काकू तुमच्याशी बोलत होत्या. माझं काही सांगितलं त्यांनी?”

खरं उत्तर ‘हो’ हेच होतं. ‘हो’ म्हटलं असतं, तर कुंदाबाईंचा अठ्ठ्याऐंशीचा आकडा तिथल्या तिथे कोसळला असता. पुन्हा कुठल्याही यादीत ते नाव वर आलं नसतं. ‘हो’ त्याच्या जिभेवर आलंही.

“पँट दिली,” तो म्हणाला. “तुझं काही नाही बोलल्या.”

शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. शिरीषने स्कूटर बाजूला घेतली आणि थांबवली. मागे वळून पाहायचा मोह त्याने आवरला. मग त्याच्या पाठीशी, अगदी हळू, रेवतीने विचारलं:

“बाबा, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली, तर ती माझीच राहील?”