लल्ला तुदाचं पाणी

फेस शहरातून मराकेशला सायकलनं जायचं, तेही थेट अॅटलासच्या डोंगरांतून, आणि शुक्रवारी सूर्यास्ताच्या बांगेआधी बाब दुकालाच्या वेशीत पोचायचं. कशासाठी? एका पितळी घंटीसाठी! वेळेत पोचलो तर ती आमची, अशी पैज. नऊ वर्षांपूर्वी मराकेशच्या सायकल मंडळानं ती आमच्याकडून जिंकून नेली. तेव्हापासून त्यांचा म्होरक्या जिलाली दर ईदला मला फोन करतो, मुबारकबाद देतो आणि फोनजवळ ती वाजवतो. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसमोर ते ट्रिंग ट्रिंग ऐकताना अंगाचा तिळपापड होतो.

तिघं निघालो. मी तय्यब, एका जागी दोन मिनिटं बसणं मला जमत नाही. लर्बी, मानानं सी लर्बी, बासष्ट वर्षांचे निवृत्त पोस्टमन. याच डोंगरांत त्यांनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं. आणि इत्तो, शाळेत गणित शिकवणारी. तिची आई डोंगरातली, त्यामुळे इथली बोली तिला येते.

चार दिवस मी दोघांना अक्षरशः हाकत आणलं. कुणी चहा दिला की तीन पेले घेऊनच उठायची रीत, पण तिसरा पेला ओतण्याआधी मी सायकलवर!

"अरे, चहा देणारे काय म्हणतील?" सी लर्बी कळवळायचे.

"म्हणतील, फेसचे लोक घाईत होते."

"म्हणतील, फेसचे लोक असेच असतात," इत्तो म्हणायची.

गुरुवारी सकाळी देमनातच्या वाटेला लागलो, वळण घेतलं, आणि समोर रस्ताच नाही! दरड कोसळली होती. वळसा घ्यायचा तर अख्खा दिवस जाणार. पण दरडीच्या वर, कड्याला चिकटून, पाण्याचा पाट पलीकडच्या गावाकडे जात होता. त्याच्या दरीकडच्या मातीच्या बांधावर जेमतेम पाऊल मावेल इतकी वाट होती.

"सायकली खांद्यावर घ्या," सी लर्बी म्हणाले. "बांधावर चाक घालायचं नाही. टपाल तुंबलेलं असायचं, तरी मी कधी घातलं नाही."

ते दोघं सावकाश चालू लागले. मी पुढे सटकलो, वळणाआड झालो आणि सायकलवर टांग मारली.

शंभरेक पावलं झकास गेली. मग भिजलेला बांध चाकाखाली खचला! सायकल घसरत खाली गेली आणि एका झुडपात अडकली. मी दोन्ही हातांनी बांध कवटाळून दरीवर लोंबत होतो! कसाबसा वर आलो. पाहतो तर बांधाला हातभर भगदाड, आणि पाटाचं सगळं पाणी धो धो दरीत!

पलीकडून कुदळ घेऊन एक म्हातारी धावत आली. ती ओरडत होती, मला एक शब्द कळेना. तेवढ्यात इत्तो आणि सी लर्बी पोचले. इत्तोनं तिचं ऐकून मला सांगितलं.

"ही तुदा, मानानं लल्ला तुदा म्हणायचं. आज पाण्याची पाळी तिची. पुढची बारा दिवसांनी. जव दाण्यावर आलाय, तय्यब. आज पाणी गेलं तर पीक गेलं."

"मग वरून बंद करा ना!"

"बंद करायची जागा दोन तासांवर आहे. आणि ती म्हणते, या बांधावर गाढवसुद्धा बघून पाय टाकतं."

भगदाड वाढत होतं. सी लर्बींनी टाकलेला दगड पाण्यानं उचलून नेला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचार सुचेना. मी भगदाडात आडवा पडलो.

वितळलेल्या बर्फाचं पाणी! छातीतला श्वास छातीतच राहिला. पण पाणी अडलं, पाटानं पुढे वळलं.

"हलू नकोस!" तुदा ओरडली. हे मला भाषांतराशिवाय कळलं.

सी लर्बींनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. "टपालाच्या थैलीची गाठ आहे, सुटत नाही." इत्तो दगड आणू लागली, तुदा चिखल आणि गवताची ढेकळं कोंबू लागली. गावातून चौघं धावत आले.

"किती वेळ झाला?" मी दात वाजवत विचारलं.

"पाच मिनिटं!" इत्तो म्हणाली.

अर्ध्या तासानं पाय असल्याचं कळेना. मग पाठीखालची माती सुटली! दोर ताणला. सी लर्बी फरफटत कडेला आले, पण सोडलं नाही. इत्तोनं एक चपटा दगड माझ्या बगलेखालून आत सारला. तुदानं त्यावर पाय रोवला. बसला!

एकूण तास भरला तेव्हा त्यांनी मला उपसून काढलं.

दुपारी तुदाच्या घरी मी तीन घोंगड्यांखाली कुडकुडत होतो. तुदा गुडघाभर चिखलानं माखून आली आणि म्हणाली, शेवटचा वाफासुद्धा भिजला. मला रडू आलं.

सी लर्बींनी सायकल वर ओढून आणली होती. चाक वाकलं होतं, ते मी सरळ केलं. इत्तो हळूच म्हणाली, "आत्ता निघालो तर उद्या बांगेआधी पोचू."

घंटी अजून हातची गेली नव्हती! मी उठून दारात आलो. समोर पाट दिसत होता, आणि त्यात आमचा ओला, कच्चा बांध. उद्या पाळी शेजाऱ्यांची होती.

"उद्या दगडी बांधू," मी म्हणालो. "मग जाऊ."

शनिवारी संध्याकाळी बाब दुकालात शिरलो तेव्हा जिलाली हँडलवरची घंटी बडवत उभा होता.

"या उस्ताद! एक दिवस उशीर! होतास कुठे?"

"डोंगरात. एक तास पडून होतो."

"तू? पडून?" तो पोट धरून हसला. "खोटारड्या! तू तर न्हाव्याकडे दाढी अर्धी टाकून पळतोस!"

"एक तास," सी लर्बी म्हणाले. हातावरचे दोराचे वळ त्यांनी पुढे केले. "बोटभरसुद्धा हलला नाही."

जिलालीनं ते वळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. घंटीवरचा हात त्यानं काढून घेतला.

"चहा सांगतो," तो म्हणाला. "बसशील?"

बसलो. तिसरा पेला रिकामा होईपर्यंत बसलो.