एकही फोटो गेला नाही

शहाद्याच्या बसस्टँडमागे माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. अठरा वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो, की गिऱ्हाईकाच्या तोंडी शब्दावर मशीन हातात घ्यायचं नाही. "आमचे फोटो कुठं गेले?" म्हणून भांडायला येणारे पुष्कळ पाहिलेत. म्हणून मी गिऱ्हाईकासमोर फायली मोजतो, आकडा पावतीवर लिहितो आणि सही घेतो. काम झालं की पुन्हा मोजतो. आकडा जुळला की विषय संपला.

दुसरी सवय म्हणजे कुठलीही नवी पद्धत आधी घरच्या मशीनवर करून बघायची. मूळ ऑपरेटिंग सिस्टीम परत आणायची, पण फायलींना धक्का लावायचा नाही, ही पद्धत मी गेल्या वर्षी घरीच वापरली. आठशे बारा फोटो होते, आठशे बारा राहिले.

"सकलैन, तुम पुलिस में क्यूँ नहीं गए?" असं रजिया, माझी बायको, मला नेहमी चिडवते. तीही काही कमी नाही. घरात माणसं दोन, पण दूध घेते लिटरभर. रोज अर्धं नासतं. कशाला घेतेस म्हणून विचारलं, तर तिलाच सांगता येत नाही.

श्रावणातल्या एका दुपारी कळसाडीची रुपा पाटील संगणक घेऊन आली. नवरा योगेंद्र शाळेत मास्तर. त्याच्या मित्रानं मशीनवर भलतीच सिस्टीम चढवली होती, आणि दर दहा मिनिटांनी पडदा काळा होत होता.

"सकलैन भाऊ, लेतांना व्हतं तसं करी द्या," ती म्हणाली. "पन एक बी फोटो जावाले नको. मन्ही माय आते नही. तिना एकच फोटो शे, मन्हा लगनमधला."

तिनं तो उघडून दाखवला. मांडवात एक म्हातारी नवरीला कवेत घेऊन तिच्या कपाळावर ओठ टेकत होती. नवरी म्हणजे रुपाच. फोटोवरून तिचा हात निघेना.

फायली भरल्या एक हजार आठशे सेहेचाळीस. तिनं डाव्या हातानं सही केली आणि मनगट घासून शाई फरफटली. "कानबाईना सनना आधी पाहिजे," एवढं बजावून ती गेली.

घरी वापरलेल्या त्याच पद्धतीनं काम दीड तासात झालं. मोजलं, तर एक हजार आठशे सेहेचाळीस. वेगळी प्रत मी काढली नव्हती, कारण आकड्यावर माझा भरवसा होता.

पावतीवरच्या नंबरवर फोन लावला. योगेंद्रनं उचलला. मशीन तयार आहे, रुपाताईंना सांगा, म्हणालो.

"कोन रुपा?"

"तुमच्या घरच्या."

"सकलैन भाऊ, मन्हं तर लगनच नही व्हयनं," तो हसत म्हणाला. "पन कॉम्प्युटर तुमनाकडे कसा गया?"

मला ते हसणं आवडलं नाही. नवरा-बायकोचं भांडण असेल, किंवा त्याहून वाईट काही असेल. मन नको तिकडे धावू लागलं. शनिवारी, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, मशीन पोचवायचं निमित्त करून मी स्वतःच कळसाडीला गेलो.

ओट्यावर योगेंद्रची आई धनुबाई रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढत होती. कानबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. दारातल्या दोरीवर धनुबाईसारखं नऊवार नव्हे, तर तरुण बाईचं फुलाफुलांचं पातळ वाळत होतं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"कोन टाकी गयं, देव जाने," धनुबाई म्हणाली. तिचा चेहरा मी नीट न्याहाळला. चोरी लपवणाऱ्याचा चेहरा मला ओळखू येतो. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, नुसता गोंधळ होता.

आत मशीन जोडलं. मी पावती पुढे केली. योगेंद्रनं सही वाचली, "रुपा योगेंद्र पाटील", आणि फरफटलेल्या शाईवर अंगठा फिरवला.

"हाऊ कोना डावा हात शे? आम्हना घरमा डावखुरं कोनीच नही."

मी लग्नाचा फोटो शोधून उघडला.

मांडव तोच होता. म्हातारीही तीच. तिचे दोन्ही हात हवेत गोल वळलेले होते, मान झुकलेली, ओठ पुढे. कवेत कोणी नव्हतं. तिच्या मागची मांडवाची झालर मधोमध अखंड दिसत होती.

"हाई बाई कोन शे?" योगेंद्रनं मला विचारलं. "आम्हना कॉम्प्युटरमा कशी उनी?"

मी फायली मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक हजार आठशे सेहेचाळीस.

एकही फोटो गेला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा धनुबाईपुढच्या कापडावर गव्हाचे तीन ढीग होते. नवऱ्याचा, मुलाचा आणि तिचा. तिची चौथी मूठ सुपातून वर आली होती आणि तिथंच थांबली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई मूठ कोना नावनी?"

"रुपाची," मी म्हणालो.

तिनं ते नाव दोनदा पुटपुटलं. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि का आलं ते तिला कळेना. तिनं मूठ सुपात सोडली.

परतीच्या रस्त्यावर मी मोटारसायकल दोनदा थांबवली. आठशे बारा हा आकडा डोक्यातून जाईना. घरी तेव्हा मी फोटो मोजले होते. उघडून एकही पाहिला नव्हता.

घरी आलो, चपलांसकट आत गेलो आणि संगणक लावला.

तोरणमाळचा फोटो. तलावाच्या काठावर मी आणि रजिया. आमच्यात हातभर अंतर. आम्ही दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता खाली, मधल्या रिकाम्या जागेकडे बघून हसतोय. माझा उजवा हात कमरेइतक्या उंचीवर, हवेत, कशावर तरी मायेनं ठेवलेला.

मी नाव आठवायचा प्रयत्न केला. मुलगा की मुलगी, तेही आठवेना. माझ्याकडे तर पावतीसुद्धा नव्हती.

स्वयंपाकघरातून रजिया आली. ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते, आणि दुधाचा एक छोटा पेला. पेला तिनं आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि त्यावर फुंकर घालत राहिली.