यादीतून गाळलेली जत्रा

"हे असं जमणार नाही," कुनी तिकीटखिडकीच्या काचेआडून म्हणाली.

खिडकीतून आत सरकवलेल्या कागदावर पाच शनिवार-रविवार आणि अकरा गावांच्या जत्रा होत्या. हिरव्या शाईत, बाण काढून, मोठ्या हौसेनं आखलेल्या. कागदाचा मालक बाहेर उभा होता. उंच, किंचित वाकलेला, काखेत क्लॅरिनेटची काळी पेटी.

"का नाही जमणार?"

"रविवारी सकाळी डोंगरात बस जात नाही. या दोन गावांमध्ये नदी आहे आणि पूल नाही. आणि इथे तुम्ही साडेअकराला पोचणार, पावणेबाराला निघणार. पंधरा मिनिटांत संपते तुमची बिअर?"

"मी बिअरसाठी नाही, गाण्यांसाठी चाललोय." तो जरा थांबला. "म्हणजे... बिअरसाठीही."

"मग स्वतःची गाडी काढा की."

"जत्रेला जायचं आणि गाडी चालवत परतायचं? मग जायचंच कशाला?"

कुनीला हसू आलं. एप्रिलनंतर पहिल्यांदाच... आणि ते आल्याचं तिला जरा उशिराच कळलं. रांगेतल्या बाई खाकरल्या. कुनीनं कागद त्याच्याकडे परत सरकवला आणि स्वतःलाही नवल वाटेल असं काहीतरी बोलून गेली – "सहा वाजता टेकडीवरच्या बागेत या. हा कागद घेऊन."

टेकडीवर चेस्टनटच्या झाडांखाली लाकडी बाकं होती आणि खाली खडकात बिअरची तळघरं. तिथे तिला कळलं, की त्याचं नाव कोर्बिनियान, तो रेगन्सबुर्गच्या शाळेत संगीत शिकवतो, सुट्टीपुरता इकडे आलाय, आणि जर्मनीच्या या फ्रँकोनिया भागातल्या खेड्यांमधले बँडवाले कागदाशिवाय वाजवतात ती जुनी नाचाची गाणी त्याला लिहून घ्यायची आहेत.

"म्हातारे वाजवणारे गेले, की गाणी गेली," तो म्हणाला.

"तुम्हाला नाचता येतं?"

"वाजवता येतं."

"म्हणजे नाही येत."

तिनं पेन्सिल काढली आणि त्याच्या हिरव्या बाणांची वाट लावली. एका जत्रेत कार्प मासा उत्तम, दुसरीकडची बिअर धुराच्या वासाची, पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही पण तिसऱ्याला सोडवत नाही. तिसरीकडे बस चुकली तर चर्चमागची पायवाट धरा, चाळीस मिनिटांत स्टेशन. तासाभरात अकराच्या सात जत्रा झाल्या, पण सातही जमणाऱ्या.

"लिंडनराइट कुठे गेलं?" त्यानं विचारलं. "सप्टेंबरचा तिसरा रविवार. माझ्या कागदावर होतं."

"गाळलं."

"का?"

"तिथली बिअर आंबट असते," कुनी म्हणाली, आणि मगात बघत राहिली.

दर सोमवारी तो खिडकीशी हजर. मागच्या जत्रेचा हिशेब द्यायला, असं तो म्हणायचा. कुठे गाणं मिळालं, कुठे नुसताच पाऊस. एका सोमवारी तो काचेपाशी वाकून उभा राहिला.

"काल एकाकडे लिंडनराइटची बिअर प्यायलो. आंबट नाहीये. उलट इतकी छान, की बनवणाऱ्याचं नाव विचारलं. डोट्झर म्हणे." त्यानं तिच्या कोटावरच्या नावाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "तुमच्या बाबांचीच बिअर तुम्ही आंबट ठरवलीत?"

कुनीचे कान तापले. "तिकीट हवंय का?"

"दोन हवीत. या शनिवारी तुम्ही चला. मला नाचता येत नाही, हे तुम्हीच शोधून काढलंत."

ती गेली. वाजवणारे अचानक ताल बदलायचे, तीनाचे दोन, दोनाचे परत तीन, आणि नाचणाऱ्याच्या पायांना ते आधीच कळावं लागायचं. कोर्बिनियानच्या कानांना कळायचं, पायांना नाही. त्यानं तिचा डावा बूट चार वेळा तुडवला.

"माफ करा... अरे, परत. माफ करा."

"पाचव्यांदा पाय दिलात तर अहो-जाहो बंद," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं, नीट नेम धरला आणि हलकेच तिच्या बुटाच्या टोकावर पाय ठेवला. "कुनी," तो म्हणाला, "तू फार भरभर वळतेस."

त्या संध्याकाळी बसमध्ये दोघांचे खांदे टेकलेले होते. वळणं संपली तरी कुणी सरकलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिची आई डोळे चुकवत स्वयंपाकघरात आली. "हाइनर भेटला होता. म्हणत होता, या वर्षी तू जत्रेला नाही आलीस तर... सगळ्यांनाच बरं पडेल."

हाइनर लिंडनराइटच्या जत्रेतल्या पोरांचा म्होरक्या. एप्रिलपर्यंत कुनीचा होणारा नवरा. लग्नाला सहा आठवडे असताना त्यानं पाय मागे घेतला होता आणि आता तो आग्नेसला घेऊन रिंगणात उतरणार होता. गावची रीत साधी होती. पोरं फरचं उंच झाड उभारायची, मग बँड घेऊन एकेका मुलीच्या दारात जायची आणि तिला झाडाखाली न्यायची. जिला न्यायला कुणी आलं नाही, तिनं रिंगणात पाय ठेवायचा नाही. कुनी आठ वर्षं तिथे नाचली होती.

"आणि तू काय म्हणालीस त्याला?" तिनं आईला विचारलं.

"मी काय म्हणणार, बाळा? लोक बघतात."

शनिवारी तिनं कोर्बिनियानला सगळं सांगितलं. त्यानं क्लॅरिनेटची पेटी जवळ ओढली. "मी येतो तुझ्या दारात. वाजवत येतो. बघू कोण अडवतंय."

"नको."

"का?"

"म्हणजे मग, बिचारीला कुणीतरी मिळालं, असंच होईल. मला कुणी येऊन सोडवायला मी अडकलेली नाहीये." तिनं बाकाची कड नखानं खरवडली. मग मान वर केली. "तू उद्या दुपारच्या बसनं ये. नुसता ये. थांब्यावर उतरून उभा राहा."

"आणि मग?"

"मी येते तुला न्यायला."

रविवारी दुपारी कुनीनं हिरवा झगा घातला, बाबांच्या पिंपातून मातीचा चंबू भरून घेतला आणि घराबाहेर पडली. बाबा नुसते बघत राहिले. वरच्या आळीतून बँड हाइनरच्या पोरांना घेऊन एकेका मुलीचं दार गाठत होता. कुनी उलट्या दिशेनं, एकटी, भर रस्त्याच्या मधून चालली होती.

"कुनी, बँड तिकडे आहे," खिडकीतून रेटामावशीनं हाक मारली. ती गावातली सगळ्यांचीच मावशी होती.

"माहीत आहे मावशी."

"मग तू कुठे निघालीस?"

"मुलगा आणायला."

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. मागे खिडक्यांचे पडदे हलल्याचं कुनीला न वळताही कळलं.

बस सात मिनिटं उशिरा आली. त्या सात मिनिटांत कुनीला वाटलं, तो येणार नाही, शहाणा असेल तर येणारच नाही... दार उघडलं. आधी काळी पेटी आली, मग तो. केस पाण्यानं चापून बसवलेले, बूट इतके घासलेले की त्यांत आभाळ दिसावं.

तिनं चंबू पुढे केला. पोरांनी मुलींना विचारायचे ते शब्द तिनं स्पष्ट आवाजात विचारले – "माझ्याबरोबर झाडाखाली येशील?"

त्यानं मोठा घोट घेतला, ओठ पुसले. "येईन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

झाडाखाली आठ जोड्या उभ्या होत्या. दोघांना बघून वाजवणाऱ्यांचे ओठ वाद्यांवरून निसटले. हाइनर पुढे आला.

"कुनी, असं नसतं. आठ जोड्या ठरल्यात. नवव्या जोडीला जागा नाही."

"रिंगण गोल असतं हाइनर. जरा सरका, की होते जागा."

"याला आणलं कुणी?"

"मी आणलं."

"मुली आणत नसतात."

"आजपासून आणतात."

मग आग्नेसनं, सगळ्यांत शांत असलेल्या त्या मुलीनं, हाइनरच्या कोपराला धरलं आणि त्याला ओढून एक पाऊल बाजूला झाली. तिच्या पलीकडची जोडीही सरकली, तिच्यापुढचीही. फट पडली, बरोबर दोन माणसांची. आणि पिंपापाशी उभे असलेले कुनीचे बाबा, जे एप्रिलपासून या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते, ते बँडकडे वळून म्हणाले, "पैसे काय नुसतं बघायचे घेता का रे? वाजवा."

तालाचे तीनाचे दोन झाले. कोर्बिनियान चुकला, सावरला, परत चुकला. पण यावेळी तो खाली पायांकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिला त्या चुकांसकट वळायला जमत होतं.

गाणं संपलं तेव्हा रेटामावशी गर्दीतून वाट काढत अगदी रिंगणाच्या कडेला आली होती. "अगं पण कुनी," तिनं साऱ्या गावाच्या वतीनं विचारलं, "हा तुझा कोण?"

कुनीला धाप लागली होती. केस कपाळाला चिकटले होते. तिनं हाइनरकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही.

"माझं प्रेम आहे याच्यावर," ती म्हणाली.

कोर्बिनियान एकदम तिच्याकडे वळला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "हे... हे मला नको का आधी सांगायला?"

"मलाच आत्ता कळलं."

तो वाकला आणि तिच्या कानापाशी हळूच काहीतरी पुटपुटला. कुनी मागे सरकली, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"असं कानात नको. मोठ्यानं सांग, सगळं गाव ऐकायला उभं आहे."

त्यानं एकदा झाडाच्या शेंड्याकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला, आणि सांगितलं. पिंपापाशी बाबांनी दोन मग भरायला घेतले.