दुसरी रेघ

गाडी घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की होडी?" तिचं चुकलं नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी, साडेसतरा फूट लांब, मागे माशासारखे दोन पर. गॅरेजात ढकलली तेव्हा मागचा बंपर आणि दार यांच्यात जेमतेम चार बोटांची फट उरली.

ही गाडी भंगारातून शोधली ती माझ्या लेकीने. मी निवृत्त झाल्यावर घरात इतका उपद्रव द्यायला लागलो होतो, चालते पंखे उघडून बसायचो, की मायलेकींनी संगनमत करून मला हे खेळणं आणून दिलं. करार असा होता, की गाडी मी तयार करायची आणि लेक ती चालवत आपल्या घरी नेणार. सोबत माझी नात, वय वर्षं पाच. आमच्या घरापासून रस्ता दहा किलोमीटर नुसता उतरत जातो, वळणावळणांचा, आणि मग सपाटीला लागतो. त्यामुळे मला गाडी देखणी करायची नव्हती, भरवशाची करायची होती.

इंजिन चांगलं निघालं. जुन्यांची हाडं मजबूत म्हणतात तसं. सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं टाकलं. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. त्या काळात पट्ट्यांची पद्धतच नव्हती, म्हणून तळाला भोकं पाडून, जाड पत्रे लावून सीटबेल्ट बसवले. या सगळ्यात चौदा महिने गेले.

मी एकतीस वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होतो. तिथली एक सवय हाडीमाशी खिळली आहे. बोल्ट आवळून झाला, की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर ब्रशने पिवळी रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटते आणि डोळ्याला दिसतं. ही पहिली रेघ, फिटरची. मग चेकर येणार, बोल्ट तपासणार आणि शेजारी हिरवी रेघ ओढणार. ही दुसरी. ज्याने आवळलं त्याने तपासायचं नाही, हा तिथला धर्म होता. हिरवी रेघ नसेल तर बस फाटकाबाहेर जात नसे. घरी चेकर कुठला आणायचा? मी आपला पिवळ्यावर भागवत होतो.

शेवटच्या महिन्यातली गोष्ट. सीटबेल्टचे बोल्ट आवळले, रेघा ओढल्या आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर प्रत्येक पिवळ्या रेघेशेजारी एक हिरवी.

बोट लावलं. रंग ओला होता.

"तू गॅरेजात रंगकाम केलंस का?" मी बायकोला विचारलं.

"मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं? आणि हिरवा रंग आपल्या घरात आहे कुठे?"

नव्हताच. मी कपाटं पालथी घातली. थिनरने रेघा पुसल्या, गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघा परत होत्या, आणि आता स्टिअरिंगच्या बोल्टांवरही होत्या.

"तुम्हीच मारत असाल," बायको म्हणाली. "चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तुम्ही." ती हसली, पण त्या दिवसापासून गॅरेजात चहा घेऊन यायची बंद झाली. दारातूनच हाक मारायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. भिंतीपलीकडे गॅरेज. तिथून आवाज आला. टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक. लोखंडावर लाकडाने हलकेच वाजवावं तसा.

बायकोचा घास हातातच राहिला. "कोण आहे हो आत?"

तो आवाज मला ओळखीचा होता. उठून गेलो, कुलूप काढलं, टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलो आणि त्या रेघा पहिल्यांदाच नीट पाहिल्या. प्रत्येक रेघेच्या शेवटी, डावीकडे, रंगाचं एक बारीकसं शेपूट होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अठ्ठावीस वर्षांत ती मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

आमचे चेकर डावखुरे होते. रेघ ओढून ब्रश उचलताना त्यांच्या हाताला झटका बसायचा आणि रेघेला डावीकडे शेपूट फुटायचं. रेघेआधी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ते बोल्टवर दोनदा वाजवायचे. टक, टक. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही म्हणून आम्ही सगळे त्यांना कंदीलकाका म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि ते हसायचे.

एका शनिवारी काका हजेरी लावून मधल्या वेळेत दाढ काढायला गेले होते. एक बस पाचला सुटायची होती, वरून घाई होती. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. काम संपत आलं असताना कुणीतरी हाक मारली, मी उठून गेलो, परत आलो आणि पिवळी रेघ ओढली. तो बोल्ट मी पुरता आवळला होता की नाही, हे आजही शपथेवर सांगता येणार नाही. मग काकांच्या खणातून हिरव्या रंगाचा डबा काढला आणि दुसरी रेघही मीच ओढली.

बस उतारावर भिंतीला धडकली. ड्रायव्हर वाचला नाही.

चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी हिरवी रेघ पाहिली आणि काकांना विचारलं, ही तुमची का? काका वाकले. बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. ती सरळसोट होती, पट्टीने ओढल्यासारखी. माझ्या रेघा तशाच असतात. साहेबांनी रंग पाहिला होता, हात पाहिला नव्हता. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात ते आमच्या घरी येऊन गेले होते, माझ्या दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसले होते.

"माझीच आहे," ते म्हणाले.

त्यांची नोकरी गेली. तीन वर्षांनी ते गेले. मी शेवटचं दर्शन घ्यायलाही गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

गाडीखाली ती शेपटं पाहिली, त्या दुपारनंतर मी रेघा पुसल्या नाहीत. भूत वगैरे मी मानत नाही. एकतीस वर्षं लोखंडाशी संसार केलेला माणूस मी. पण खरं सांगतो, भीतीच्या तळाशी थोडं समाधानही होतं. काका माझं काम तपासत होते आणि पास करत होते. मागच्या चाकांचे बोल्ट पास, उजवा ब्रेक पास, इंजिनाचे आधार पास. मी वहीत प्रत्येक बोल्टपुढे खूण करत गेलो. बायको विचारायची, "जेवायला इतका वेळ का लावता हल्ली?" मी काकांना वेळ देत होतो.

बुधवारपर्यंत एकशे बारा बोल्टांवर हिरवी रेघ आली. एकावर नव्हती.

पुढचं डावं चाक, ब्रेकचा खालचा बोल्ट.

मी तो सोडवून पुन्हा आवळला. किती जोर लागला ते मोजणारा टॉर्क पाना बरोबर आकड्याला कट्ट वाजला. नऊ वेळा तपासला. नवा बोल्ट आणला, तोही नऊ वेळा तपासला. ब्रेक दाबून गाडी अंगणात पुढेमागे केली, वीतभर अंतरात थांबली. बोल्टमध्ये खोट नव्हती. मी जेवायला जायचो, भिंतीला कान लावून बसायचो. आवाज यायचा नाही.

लेक रविवारी येणार होती. नातीने फोनवर बजावलं होतं, "आजोबा, मी पुढे बसणार. मागे नाही."

शनिवारी सकाळी मी बाजारात गेलो आणि हिरव्या रंगाचा एक लहान डबा घेऊन आलो. कशाला आणला ते मला माहीत होतं. डबा कामाच्या टेबलावर ठेवला, ब्रश शेजारी ठेवला. मग गाडीसमोर स्टूल टाकून बसलो. एक रेघ. अर्ध्या मिनिटाचं काम. बोल्ट तर बरोबरच होता.

डब्याला हात लावला नाही. लावूच शकलो नाही.

"काका," मी म्हणालो. रिकाम्या गॅरेजात माझाच आवाज मला परका वाटला. "चूक माझी होती. बोल्टही माझा आणि रेघही माझी. तुम्ही कुणासाठी गप्प राहिलात ते मला ठाऊक आहे. उद्या तीच पोरगी या गाडीतून जाणार आहे. तिच्यासाठी तरी तपासा."

काही झालं नाही. मी उठलो, दार ओढलं, कुलूप घातलं. किल्ली फिरवत असताना आतून आवाज आला.

टक, टक.

त्या दुपारी मी इतका गाढ झोपलो, की बायकोने दोनदा हलवून उठवलं.

काकांच्या कामात लुडबूड नको म्हणून गॅरेज मी रात्रभर उघडलं नाही. रविवारी नऊच्या सुमारास लेक आणि नात आल्या. त्यांच्या पावलांपाठोपाठ मी गॅरेजात शिरलो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागे टॉर्च टाकला. अंधारात, पिवळ्याशेजारी, हिरवं चमकलं. मला रडू आलं. सवयीने हात आत घालून फोनवर फोटो काढला, नोंदीसाठी, आणि वहीत शेवटची खूण केली. एकशे तेरा.

"बाबा, डोळे का पुसताय?" लेकीने विचारलं.

"ग्रीस गेलं डोळ्यात."

"गाडी द्यायला जिवावर आलंय, म्हणा की सरळ."

तिने टेबलाला टेकून चहा घेतला. मी नातीचा पट्टा स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला. बायकोने खिडकीतून खाऊचा डबा आत दिला, हळू जा म्हणाली, पोचल्यावर कळव म्हणाली. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. ती लांबलचक होडी अंगणातून रस्त्यावर गेली, वळली, मागचे लाल दिवे एकदा लागले आणि विझले. नातीचा हात बराच वेळ खिडकीबाहेर हलताना दिसत होता.

गॅरेज एकदम मोठं वाटायला लागलं. मी स्टुलावर बसलो, वही उघडली आणि नोंदीशी ताडून बघावा म्हणून फोनवर सकाळचा फोटो समोर घेतला.

मोठा केला.

हिरवी रेघ ठळक आली होती. सरळसोट. पट्टीने ओढल्यासारखी.

डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. शेपूट कुठेच नव्हतं.

मी सकाळी रंग पाहिला होता, हात पाहिला नव्हता.

लेकीला फोन लावला. एव्हाना ती तिसऱ्या वळणावर असणार, उतार तिथूनच खरा सुरू होतो. फोन लागला. रिंग माझ्या पाठीमागे वाजली.

चहा पिताना ती फोन टेबलावर विसरली होती. हिरव्या डब्याच्या झाकणावर तो वाजत होता. झाकणाभोवतीची दुकानातली चिकटपट्टी तशीच होती, कुणी उघडलेली नव्हती.