कवळीचं माप

भुताला दात नसावेत, ही कल्पना बारक्याची. बारक्या म्हणजे तसा सहा फुटी गडी, लिफ्ट दुरुस्त करणारा. पण थोरल्या बहिणीच्या तोंडी बसलेलं नाव काही सुटत नाही. सोमवारी सकाळी तो नव्या नोकरीसाठी परगावी निघणार होता, आणि ताई या भाड्याच्या घरात एकटी राहणार होती. जन्मात कधी एकटी झोपली नव्हती बिचारी. "मी नाही हं घाबरत," असं म्हणायची आणि भर दिवसा आतल्या खोलीचा दिवा लावून ठेवायची. तिची ही भीती गेली नाही, तर आपला पाय काही घरातून निघायचा नाही, हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून रविवारी दुपारी त्याने भुताचा खेळ मांडला. एका बैठकीत संपणारा, हसायचा खेळ. गोष्ट बारक्या सांगणार, भुताचं बोलणंही त्याचंच. ताईने फासे टाकायचे आणि आपण काय करतो ते सांगायचं. भुताला हसून हसून पळवून लावलं की खेळ खलास. भुतावर एकदा पोटभर हसली की हिची भीती मोडेल, असा त्याचा साधा हिशोब.

खेळ मांडला तो ताईच्या कामाच्या टेबलावर. ती कवळ्या बनवायची. म्हातारीकोतारी माणसं घरी यायची, ही माप घ्यायची आणि दात करून द्यायची. फळीवर त्यांचे प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असत. ते बघूनच बारक्याला हे बोळकं भूत सुचलं.

"फॉ!" बारक्या ओरडला.

ताई हसून लोळायचीच बाकी राहिली. "अरे मेल्या, 'भॉ' म्हणायचंय का त्याला?"

"दातच नाहीत, काय करणार! कुणी घाबरतच नाही म्हणून रडतंय बिचारं."

ताईने फासे टाकले. दान झकास पडलं. "मग मी त्याला कवळी करून देते. बस रे बाबा खुर्चीत."

खरं तर भुताला पळवायचं होतं. पण दारात आलेल्या बोळक्या माणसाला माप न घेता परत पाठवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने खरोखर गरम पाण्यात मेण मऊ केलं, वळी करून रिकाम्या खुर्चीसमोर धरलं.

"आ कर. हं, आता हळूच चाव."

बारक्याच्या तोंडात तेव्हा बिस्कीट होतं. भुताचं उत्तर द्यायचं म्हणून त्याने घाईने गिळलं आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"दुखणार नाही ना?" भुताने बोबड्या, ओलसर आवाजात विचारलं.

"नाही रे राजा," ताई म्हणाली. "काय आवाज काढतोस रे बारक्या! कमाल आहे हं तुझी."

बारक्या अजून खोकतच होता.

ताईने मेण उजेडात धरलं. तिचं हसू ओसरलं.

"तू चावलंस हे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आणि चावला असता तरी त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते. मेणात एकाही दाताचा ठसा नव्हता. नुसत्या हिरड्या.

खुर्ची किंचित करकरली.

"ताई, मी उद्या जात नाही."

ती मेणावरून अलगद अंगठा फिरवत होती. "खालची हिरडी पार झिजलीय रे. कधीपासून धड जेवलेला नसेल!" मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "वेडा आहेस का? जा तू."

आणि उठून तिने आतल्या खोलीचा दिवा मालवला.

बारक्या गेला. जाताना त्याला रडू आलं, तिला नाही.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज कसा खणखणीत! झोप मस्त लागते म्हणाली, तू वेळेवर जेवत जा म्हणाली. बारक्याच्या जिवात जीव आला.

"आणि कवळी बसली बरं का. अगदी चपखल."

तिच्या मागे काहीतरी कुरकुरीत चावल्याचा आवाज येत होता. सावकाश, चवीचवीने.

"ताई, कोण खातंय गं?"

चावणं थांबलं.