खाट क्रमांक सात

पस्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक दिसली की अजून माझा हात शिवशिवतो. बायको पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, वाचा गेली, तेव्हा लेकीने हे ओळखून मला ऑनलाइन कामाला जुंपलं. कधीच बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या ठिकठिकाणचे स्वयंसेवक घरबसल्या टंकून देत होते.

"बाबा, नुसते आईकडे बघत बसू नका. रोज एक पान द्यायचा शब्द दिलाय मी."

"वा! शब्द तुझा आणि बोटं माझी."

नियम साधा होता. एकच पान दोघांनी एकमेकांचं न बघता टंकायचं. दोन्ही जुळली की ते पान बंद होऊन पुढचं उघडायचं. मी बायकोच्या पलंगाला लागूनच टेबल मांडलं. सकाळी तिचा ताप आणि नाडी वहीत लिहायची, चहा घ्यायचा, मग पान.

मंगळवारच्या पानावर खाट क्रमांक सात होती. ताप ९९.६, नाडी ८८. शेजारच्या वहीत माझ्याच अक्षरात सकाळचे तेच आकडे होते. योगायोग म्हटलं. बुधवारी १०१ आणि ९६, तेही दोन्हीकडे. गुरुवारी १०३ आणि ११८.

शुक्रवारी तापमापी लावायचा धीर होईना, म्हणून आधी पान उघडलं. खाट सात. तापाच्या रकान्यात रेघ. नाडीच्या रकान्यात रेघ. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

जन्मात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चूक केली. ९८.४ टंकलं. ७२ टंकलं.

पडद्यावर ओळ आली, 'दुसऱ्या वाचकाशी जुळत नाही. पुन्हा तपासा.'

मी तिला तापमापी लावली. ९८.४. मनगट धरून मोजलं. बहात्तर. मी ढसाढसा रडलो. लेक फोनवर म्हणाली, "बघा! आई आपली चिवट आहे."

शनिवारी तेच आकडे. रविवारीही तेच. पण चमच्याने दिलेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून जसंच्या तसं बाहेर येऊ लागलं. तळहात फरशीसारखा गार पडला. तापमापी मात्र ९८.४ दाखवत होती.

डोळे तेवढे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती.

तिला काय हवंय ते मला कळतं. चाळीस वर्षांचा संसार आहे. दोन रेघा टंकायच्या, बस.

माझ्याने होत नाही.

रोज तेच पान समोर येतं. रोज मी बहात्तर टंकतो.

तीन आठवडे झाले. काल तिची नखं कापायला घेतली. कापण्याइतकी वाढलीच नव्हती.

मग माझी पाहिली.

तीही नाही.